रजिस्ट्री करून द्या, पण आधी प्लॉटची खरी स्थिती सांगा

प्रति,
मा. महसूलमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : शहरात प्लॉट किंवा घर घेणाऱ्या खेड्यातल्या माणसाला बयाना देण्याआधी त्या जमिनीची एकपानी माहिती मिळण्याबाबत

महोदय,

मी वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात, एका लहान गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचे दाखले, पीक विम्याचे अर्ज ही माझी रोजची कामं. गेल्या काही वर्षांत त्यात एका कामाची भर पडली आहे. गावातला माणूस पिशवीतून नागपूरच्या प्लॉटची रजिस्ट्री काढतो, टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, "भाऊ, हे पाहा बरं जरा, बरोबर आहे ना?" पैसे तोवर देऊन झालेले असतात. मी कागद वाचतो, खसरा नंबर, म्हणजे जमिनीचा गट नंबर, टाकून सातबारा काढून पाहतो, आणि पुष्कळदा त्याला 'बरोबर आहे' असं सांगता येत नाही.

आपल्याकडे मला एकच गोष्ट मागायची आहे. शहरातला किंवा शहरालगतचा प्लॉट, घर, फ्लॅट काहीही घ्यायचं असो, त्या जमिनीची कायदेशीर स्थिती सांगणारं एक पान साध्या मराठीत, गावातल्या केंद्रावर, बयाना देण्याआधी मिळालं पाहिजे. हे आपल्याच खात्याला जमण्यासारखं आहे, म्हणून पत्र आपल्याला लिहितो आहे.

आमच्याकडचा माणूस नागपुरात घर का घेतो, हे आधी सांगतो. जामच्या चौरस्त्यावरून एसटीत बसलं की दीड-दोन तासांत माणूस नागपुरात असतो. पोरं दहावी-बारावी झाली की शिकायला तिकडेच जातात. खोलीचं भाडं, मेसचे पैसे, क्लासची फी भरून भरून बापाच्या मनात येतं की आपलंच काही असतं तर बरं झालं असतं. दुखणं मोठं असलं की मेडिकलशिवाय, म्हणजे तिथल्या सरकारी रुग्णालयाशिवाय, इलाज नाही, आणि तिथे पेशंटसोबत आलेल्या माणसाने रात्री राहायचं कुठे हा प्रश्न प्रत्येक घराने भोगलेला आहे. त्यात मुलांची लग्नं. मुलीकडचे लोक वावर किती हे मागून विचारतात, "नागपुरात काही आहे का?" हे आधी विचारतात. शिकलेल्या, कष्टाळू पोरांची लग्नं या एका प्रश्नावर अडलेली मी पाहिली आहेत. म्हणून बाप प्लॉट घेतो. त्यात हौसेचा भाग फार थोडा असतो.

पैसा कुठून येतो? कापूस-सोयाबीनच्या उत्पन्नातून प्लॉट होत नाही, हे आपणही जाणता. कोणाची जमीन समृद्धी महामार्गात गेली आणि मोबदला आला. कोणी वाटणीत आलेलं वावर विकलं. कोणी निवृत्त शिक्षक आहे, त्याचा फंड आला. पवनारपासून सुरू होणाऱ्या शक्तिपीठ महामार्गाची चर्चा सुरू झाली तशी आमच्याकडे प्लॉटच्या एजंटांची वर्दळ वाढली. मोबदल्याचा पैसा गावात यायच्या आधीच तो कुठे लावायचा हे सांगणारी माणसं गावात येतात.

या खरेदीत कर्ज जवळजवळ नसतंच. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून कास्तकाराकडे रिटर्न नाहीत. पगार नाही, म्हणून पगारपत्रक नाही. पीक कर्ज एखाद्या वर्षी थकलं असेल तर सिबिल बिघडलेलं. बँक त्याला गृहकर्ज देत नाही, तो रोखीने घेतो. यातला खरा तोटा व्याजाचा नाही. नोकरदार माणूस कर्ज काढतो तेव्हा बँकेचा वकील मागच्या तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढतो, मंजूर नकाशा मागतो, ले-आउट, म्हणजे जमिनीचे प्लॉट पाडून केलेली मांडणी, कागदावर बसत नसेल तर कर्ज नाकारतो. त्या नकारानेच कितीतरी नोकरदार वाचतात. आमच्या माणसाला असा नकार देणारं कोणी भेटतच नाही. त्याच्या आणि ले-आउटवाल्याच्या मध्ये असतो तो एजंट, आणि तो बहुतेकदा नात्यातला असतो.

आमच्या गावातल्या एका काकाजींची गोष्ट सांगतो. नाव लिहीत नाही, त्यांच्या मुलाचं लग्न अजून व्हायचं आहे. त्यांनी रोडलगतचं दोन एकर वावर विकलं आणि नागपूरच्या दक्षिणेच्या टोकाला 1,500 चौरस फुटांचा प्लॉट घेतला. एक एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. किती देऊन किती घेतलं ते यावरून लक्षात येईल. सौदा झाला त्या दिवशी एजंटने घरी आणून एक रंगीत नकाशा दिला होता, तो काकूंनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवला आहे. नकाशात कमान आहे, हनुमानाचं मंदिर आहे, मुलांचं उद्यान आहे, दोन्ही बाजूंनी झाडं लावलेले नऊ मीटरचे रस्ते आहेत. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात 'नियोजित' असा शब्द आहे. बयाना रोख दिला आणि शंभराच्या स्टॅम्पपेपरवर पावती झाली. बाकीची रक्कम दोन हंगामांत फेडली. मग एका दुय्यम निबंधक कार्यालयात रजिस्ट्री झाली. फोटो निघाले, अंगठे लागले, दोन साक्षीदार उभे राहिले, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी चलनाने भरली गेली. घरी पेढे वाटले.

घर बांधायला घ्यायचं ठरलं तेव्हा काकू ते सगळे कागद घेऊन माझ्याकडे आल्या. रजिस्ट्रीच्या पहिल्या पानावर प्लॉट नंबर होता, चतुःसीमा होती : पूर्वेस नऊ मीटर रुंद रस्ता, पश्चिमेस अमुक नंबरचा प्लॉट. आतल्या पानावर मात्र तीच जमीन 'खसऱ्यातील अविभक्त हिस्सा', म्हणजे वेगळा न पाडलेला वाटा, झाली होती. शेवटी जोडलेल्या सातबाऱ्यावर पिकाच्या रकान्यात कापूस होता. ले-आउट मंजूर नव्हता. काकाजी बांधकाम परवानगीसाठी गेले तर कळलं की तो सगळा पट्टा विकास आराखड्यात शेती विभागात येतो, ज्याला सगळे ग्रीन बेल्ट म्हणतात. नंतर मीही त्यांच्यासोबत जागा पाहायला गेलो. कमानीच्या जागी दोन लोखंडी खांब होते. आत गुडघाभर पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उभी होती आणि तिच्यात मधून मधून लाल रंगाने नंबर टाकलेले सिमेंटचे दगड दिसत होते. काकाजींच्या नंबरचा दगड आम्हाला सापडला नाही. वखरताना निघाला असेल, असं तिथल्या सालदाराने सांगितलं.

त्या दिवशी काकू मला म्हणाल्या, "सरकारी हापिसात अंगठा लावला, सरकारनं पैसे घेतले, शिक्का मारला. मंग आता हे चुकीचं कसं झालं?"

महोदय, हा प्रश्न आपल्यासाठी आहे. कायद्याचं उत्तर मला ठाऊक आहे. नोंदणी अधिनियम 1908 प्रमाणे दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, विकणाऱ्याची मालकी खरी की खोटी हे ठरवणं त्याच्या अधिकारात येत नाही. एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूच्या एका प्रकरणात हेच पुन्हा स्पष्ट केलं आणि मालकीचे कागद नसतील तर दस्त नाकारण्याची मुभा देणारा त्या राज्याचा नियम रद्द केला. पण नागपूरच्या कडेला प्लॉट घेणाऱ्या हजारो माणसांना हे कोणी सांगितलेलं नाही. त्यांच्या मनात रजिस्ट्री म्हणजे सरकारची हमी. ले-आउटवाल्यालाही हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून त्याच्या जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरात 'त्वरित रजिस्ट्री' लिहिलेलं असतं.

शासनाने यावर काही केलंच नाही, असं मी म्हणणार नाही. 12 जुलै 2021 रोजी नोंदणी महानिरीक्षकांनी परिपत्रक काढून मंजूर ले-आउट नसलेले एक-दोन गुंठ्यांचे तुकडे नोंदवायला मनाई केली. मे 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केलं. परिपत्रक लागू होतं त्या काळातही आमच्याकडे प्लॉट विकले जात होतेच. ते नोटरीवर गेले, आममुखत्यारपत्रावर गेले, कब्जापत्रावर गेले. म्हणजे घेणाऱ्याची अवस्था आणखी कच्ची झाली, कारण आता त्याच्या हातात इंडेक्स-टू, म्हणजे नोंदणीचा उतारा, सुद्धा राहिला नाही.

दुसरी वाट नियमितीकरणाची. गुंठेवारी, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्यागुंठ्यांनी पाडलेले प्लॉट, नियमित करायचा कायदा 2001 साली आला, त्याची मर्यादा 1 जानेवारी 2001 पर्यंतच्या बांधकामांची होती. 2021 च्या दुरुस्तीने ती 31 डिसेंबर 2020 पर्यंत नेली. तुकडेबंदीचं, म्हणजे ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडे विकू नयेत या कायद्याचं, उल्लंघन करून झालेले व्यवहार नियमित करायला 2017 च्या दुरुस्तीने बाजारमूल्याच्या 25 टक्क्यांपर्यंत रक्कम ठरवली, 2024 मध्ये ती 5 टक्क्यांवर आली, आणि 2025 मध्ये अध्यादेशाने तीही माफ झाली. नागपुरात तर '572 ले-आउट' आणि '1900 ले-आउट' हे नियमितीकरणाला घेतलेल्या ले-आउटांचे आकडे रिक्षावाल्यालाही माहीत आहेत. पैसे भरायची डिमांड नोट आली का, आरएल, म्हणजे नियमितीकरणाचं पत्र, मिळालं का, या प्रश्नांवर त्या वस्त्यांमध्ये अख्ख्या पिढ्या मोठ्या झाल्या. ज्यांची घरं या निर्णयांनी नियमित झाली त्यांच्याबद्दल मला आनंदच आहे, त्यात माझ्या ओळखीची, नात्याची माणसं आहेत. पण तारीख दरवेळी पुढे सरकते हे ले-आउटवाल्यानेही पाहिलं आहे. "काळजी करू नका, पुढे रेग्युलर होईल" हे वाक्य तो आता बेधडक बोलतो, आणि आमचा माणूस ते ऐकून बयाना देतो. शिवाय नियमितीकरण सगळ्यांना लागू पडत नाही. रस्ता, बगीचा अशा सार्वजनिक कामासाठी आरक्षणात टाकलेली जागा, नाल्यातली जागा, ग्रीन बेल्टमधली जागा कागदावरच अडकते.

मनाई टिकत नाही आणि माफी नेहमी उशिरा येते. राहिली गोष्ट सांगण्याची, आणि ती अशा प्लॉटांच्या बाबतीत अजून कोणी करून पाहिलेली नाही. दस्त नाकारा असं मी म्हणत नाही. न्यायालयांनी नोंदणी नाकारण्याच्या अधिकाराला हात लावला आहे, माहिती देण्याला कोणी अडवलेलं नाही. सगळं कळूनही एखाद्याला तो प्लॉट घ्यायचा असेल तर तो त्याचा निर्णय. त्याला कळलंच नाही, असं मात्र होऊ नये.

'ही माहिती आमच्याकडे नाही' असं उत्तर आपलं खातं देऊ शकणार नाही. सातबारा आपला. फेरफार आपला. मोजणी आणि भूमी अभिलेख आपले. नोंदणी आणि मुद्रांक विभागही आपलाच. रजिस्ट्री झाली की ई-फेरफारमधून तिची सूचना आपोआप तलाठ्याकडे, म्हणजे आमच्या पटवाऱ्याकडे जाते, म्हणजे दोन्ही प्रणाली आजच एकमेकींशी जोडलेल्या आहेत. मुद्रांक शुल्क काढताना जमीन शेतीची की बिनशेती, कोणत्या विभागातली, हे वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्यात पाहावंच लागतं. शुल्क किती घ्यायचं हे ठरवण्यासाठी जी माहिती काढली जाते, तीच माहिती शुल्क भरणाऱ्याला मात्र दिली जात नाही. मला सर्वांत जास्त खटकतं ते हेच.

ले-आउटची मंजुरी आणि विकास आराखडा नगरविकास विभागाकडे आहे, हे खरं. पण तो विभागही त्याच मंत्रालयात बसतो. नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण 2017 मध्ये झालं, त्याच्या हद्दीत 719 गावं आहेत, आणि त्या गावांचा आराखडा खसरानिहाय तयार आहे. आज झोन दाखला, म्हणजे जमीन आराखड्यात कोणत्या विभागात आहे ते सांगणारा कागद, हवा असेल तर अर्ज करावा लागतो, फी भरावी लागते, नागपूरला जाऊन बसावं लागतं. काकाजींसारख्या माणसाला झोन दाखला नावाचा काही कागद असतो हेच मुळात माहीत नसतं.

फक्त माहिती दिल्याने फरक पडतो याचा दाखला याच राज्यात आहे. महारेरा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, 2017 पासून काम करतं, आणि ऑगस्ट 2023 पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांकासोबत क्यूआर कोड देणं बंधनकारक झालं. मोबाइल समोर धरला की प्रकल्पाची माहिती उघडते. गावातली कॉलेजातली पोरं हे करतात, मी पाहिलं आहे. पण 500 चौरस मीटरपर्यंतचे प्रकल्प रेरात येत नाहीत, आणि शेतजमिनीचे 'अविभक्त हिस्से' पाडून विकणारा रेराच्या वाटेला जातच नाही. आमची माणसं नेमकी त्याच्याच हाती सापडतात.

आता पानावर काय असावं ते सांगतो. गाव, खसरा किंवा गट नंबर टाकला की ते निघावं. जमीन आराखड्यात कोणत्या विभागात आहे : निवासी, शेती की आरक्षण, आणि आरक्षण असेल तर कशाचं. ले-आउट मंजूर आहे का, असेल तर आदेशाचा क्रमांक आणि तारीख. सातबाऱ्यावर इतर हक्कांत काय आहे : बँकेचा बोजा, कुळ, वाद, तुकडेबंदीचा शेरा. जमीन भोगवटादार वर्ग 2 ची, म्हणजे शासनाच्या परवानगीशिवाय विकता न येणारी, आहे का. पूररेषा किंवा नाला लागतो का. बांधकामाची परवानगी कोणत्या कार्यालयातून मिळते. आणि सगळ्यांत वर, ठळक अक्षरात एक ओळ : 'या जमिनीवर आज घर बांधण्याची परवानगी मिळू शकते' किंवा 'मिळू शकत नाही'. बाकी सगळं कोणी वाचलं नाही तरी चालेल, एवढी ओळ सगळे वाचतील. अधिकाऱ्यांना ही ओळ लिहायला जड जाईल, कारण तिच्यात जबाबदारी आहे. म्हणूनच ती असायला हवी.

नाल्याचा रकाना मी मुद्दाम मागतो आहे. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात काही तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या काठच्या वस्त्यांमध्ये घरात पाणी शिरलं. ती शहराच्या मधली, जुनी, चांगली वस्ती होती. शहराच्या कडेला तर नाले बुजवून प्लॉट पाडले जातात, आणि उन्हाळ्यात जागा दाखवली की तिथे कधी पाणी वाहत असेल अशी शंकाही येत नाही. वावरातला माणूस पाण्याची वाट ओळखतो, पण मुरूम टाकून सपाट केलेल्या जागेत तोही काय ओळखणार?

हे पान रजिस्ट्रीच्या दिवशी दाखवून उपयोग नाही. तोवर सगळं संपलेलं असतं. सौदा ठरतो आमच्या गावात, ओसरीवर, चहा घेताना. बयाना तिथेच दिला जातो, अनेकदा त्याच बैठकीत. 2015 पासून जमिनीच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रक्कम रोख देता-घेता येत नाही हे एजंटला माहीत असतं, गावाला नसतं, म्हणून देताना कागद उरत नाही आणि मागायला गेलं तर पुरावा राहत नाही. तेव्हा पान तिथेच मिळालं पाहिजे जिथे सातबारा मिळतो. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 15 रुपयांत निघतो. याचे पन्नास ठेवा, शंभर ठेवा. दोन एकर विकायला निघालेला माणूस शंभर रुपयांसाठी मागे हटणार नाही. रजिस्ट्रीच्या वेळी मात्र त्याच पानाची प्रत दस्ताला जोडावी आणि घेणाऱ्याची सही 'वाचून समजून घेतलं' म्हणून त्या पानावर घ्यावी. घर बाईच्या नावाने घेतलं तर 2021 पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. त्या चांगल्या निर्णयामुळे आमच्याकडे खरेदी बायकोच्या नावाने करायची पद्धत वाढली आहे. पण सौदा पुरुषांनीच केलेला असतो, आणि बाईला फक्त फोटोपुरतं नेलं जातं. निदान त्या टेबलावर तरी कोणीतरी तिला ते पान वाचून दाखवावं.

घेणाऱ्याने पाहून घ्यावं, सरकारने किती पाहायचं, असं काही जण म्हणतील. पाहायचं कुठे, हे त्याला कळू द्या. आज ले-आउटवाला पुरावा म्हणून काय दाखवतो? ग्रामपंचायतीचा नमुना आठ, कराची पावती, विजेचं बिल. यातल्या एकानेही ले-आउट मंजूर होत नाही, पण सगळ्यांवर शिक्का असतो, आणि शिक्का दिसला की आमचा माणूस गप्प बसतो. त्याला खऱ्या माहितीचा शिक्का द्या, मग त्याने पाहून घेतलं नाही तर जरूर त्याला दोष द्या.

घर झाल्यावरचं आयुष्य कसं असतं तेही आपल्या कानावर घालतो. माझी धाकटी बहीण अशाच एका मंजूर नसलेल्या ले-आउटमध्ये राहते. घर छान आहे, दारात तुळस आहे, गच्चीवरून सकाळी दूरवरची मेट्रो जाताना दिसते. पण नळ नाही. बोअरला उन्हाळ्यात पाणी राहत नाही, तेव्हा चार घरं मिळून टँकर घेतात. गटार नाही म्हणून प्रत्येकाची शोषखड्ड्याची टाकी, आणि पावसाळ्यात काळ्या मातीत पाणी मुरत नाही तेव्हा त्या टाक्या वर येतात. जुलै-ऑगस्टमध्ये शाळेची व्हॅन रस्त्यावरच थांबते आणि पोरं चपला हातात घेऊन चिखलातून घरापर्यंत येतात. कर मात्र दरवर्षी न चुकता भरावा लागतो. मध्यंतरी तिला घर विकायचं होतं, गिऱ्हाईकही होतं, पण त्याच्या बँकेने कर्ज नाकारलं आणि सौदा मोडला. म्हणजे राहता येतं, विकता येत नाही.

त्या गल्लीत कोण राहतं ते पाहा. एक घर आमच्या समुद्रपूरचं, शेजारी राळेगावचं, समोर भिवापूरचं, कोपऱ्यावर गडचिरोलीहून बदलून आलेला शिपाई. मानेवाडा, हुडकेश्वर, नरसाळा, बेसा, दिघोरी, कोणत्याही कडेच्या वस्तीत जा, दारावरच्या पाट्यांवर आमच्याच तालुक्यांतली आडनावं दिसतील. या लोकांनी स्वतःच्या पैशाने मुरूम टाकला, पोल आणले, समाजमंदिर बांधलं, गणपती बसवायला सुरुवात केली. नागपूर जितकं वाढलं आहे त्यातला मोठा भाग विदर्भातल्या खेड्यांनी वावर विकून वसवला आहे. त्यांना आपण अतिक्रमणवाल्यांच्या रांगेत उभं करू नये. त्यांनी जागेचे पूर्ण पैसे दिले आणि आपल्या खात्यालाही शुल्क दिलं.

काही लोक म्हणतील की असं पान निघालं तर निम्मे ले-आउट बसतील, शुल्काचं उत्पन्न घटेल. घटू द्या. जो प्लॉट घर बांधायच्या कामाचा नाही त्यावर निवासी भावाने शुल्क घेणं शासनाला शोभत नाही. आणि जे ले-आउटवाले नियमाने मंजुरी घेतात, रस्त्याला, मैदानाला जागा सोडतात, त्यांना आज भावात मार खावा लागतो, कारण शेजारचा मंजुरी न घेता निम्म्या भावात विकतो. त्यांनाही या पानाचा आधारच होईल.

आमच्याकडे दसऱ्यानंतर कापूस-सोयाबीनचा पैसा हातात यायला लागतो. अक्षय तृतीयेपर्यंत वावरांचे सौदे उरकतात आणि प्लॉटचे बयानेही याच दिवसांत होतात. हे पान आधी फक्त नागपूर ग्रामीण, हिंगणा आणि कामठी या तीन तालुक्यांतल्या खसऱ्यांपुरतं सुरू करा. तेवढा आराखडा, तेवढे सातबारे जोडायला फार काळ लागू नये. बयान्यांच्या दिवसांआधी ते आमच्या केंद्रांवर दिसायला लागलं तर यंदाच काही वावरं वाचतील. चाचणीसाठी एखादं केंद्र हवं असेल तर समुद्रपूर तालुक्यातलं माझं केंद्र तयार आहे. येणाऱ्या प्रत्येकाला ते पान मी स्वतः वाचून दाखवीन, आणि कोणता रकाना लोकांना समजत नाही ते आपल्या कार्यालयाला लिहून कळवीन.

काकाजींच्या प्रकरणाचे कागद, त्यांच्या संमतीने, नाव झाकून, आपल्या कार्यालयाकडे स्वतंत्रपणे पाठवत आहे. त्यातला रंगीत नकाशा आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा शेजारी ठेवून पाहावा, ही विनंती.

आपला,
आपले सरकार सेवा केंद्र चालक,
समुद्रपूर तालुका, जिल्हा वर्धा